प्रवेशक्रमाने

सकाळी ८

कुलूप काढलं की आधी खिडक्या, मग काळे पडदे बाजूला, मग पंखे. पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचं थिएटर आहे. रात्रभर बंद राहिलं की पडद्यांना कुबट वास येतो. ऐंशी खुर्च्या आहेत. पुढे गाद्या टाकल्या तर शंभर माणसं मावतात. रंगमंच जमिनीपासून वीतभर वर. बालगंधर्व रंगमंदिरात हजाराच्या आसपास प्रेक्षक बसतात, तिथे मागच्या रांगांना नटाचे डोळे दिसत नाहीत. आमच्याकडे पहिल्या रांगेतल्या काकांनी पाय पसरले की नटाला वळसा घालून जावं लागतं.

दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार'ने १९७४ पासून प्रयोग करायला घेतले, तेव्हापासून मराठीत अशा खोलीवजा जागांना प्रतिष्ठा आहे. प्रतिष्ठेने वीजबिल भरता येत नाही, तो भाग वेगळा. माणसं मोजकी असल्यामुळे चावी, खुर्च्या, तिकिटं, जाहिरात आणि नटांची ओळख ही सगळी खाती माझ्याकडेच आहेत.

आज त्यातलं शेवटचं खातं महत्त्वाचं. शनिवारी नव्या नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग. त्याआधी आज संध्याकाळी नेहमीच्या प्रेक्षकांना बोलावलंय. एक प्रसंग वाचायचा, नटांची ओळख करून द्यायची, वर चहा. नाटकात पात्रं दोनच. तालुक्याच्या गावात टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या बाई, आणि क्लास बंद व्हायच्या महिन्यात प्रवेश घेणारा एक मुलगा. सव्वा तास, मध्यंतर नाही. दोघांची नावं तिकिटावर आहेतच, जाहिरातीतही येतील. इथे मी त्यांना ताई आणि पोरगा म्हणते, कारण तालमीत सगळे तेच म्हणतात.

सकाळी ९

टाइपरायटर आला. गोदरेजचा, मराठी कळफलकाचा. दुरुस्तीवाल्या काकांनी तो पोटाशी धरून जिना चढवला आणि टेबलावर ठेवल्यावर पाच मिनिटं कुणाशी बोलले नाहीत. गोदरेजने २००९ साली टाइपरायटर बनवणं थांबवलं. आता सुटे भाग म्हणजे बंद पडलेल्या दुसऱ्या मशीनमधून काढलेले, आणि रिबन म्हणजे जुनीच, शाई पाजलेली.

ताई बँकेत जायच्या आधी तेवढ्यासाठी आल्या होत्या. ओळ संपत आली की हे यंत्र घंटी वाजवतं, आणि आमच्या नाटकात त्या 'टिंग'वर तीन वेळा प्रकाश बदलतो. दिग्दर्शकाचा जीव त्यात अडकलेला. घंटी अर्धी ओळ आधी वाजली तर प्रकाशवाला अंधार करून मोकळा होणार आणि बाईंचं वाक्य अंधारात जाणार. तो म्हणाला, "ताई, सरळ रेकॉर्ड केलेली टिंग वाजवू ना."

"कशाला?" ताई म्हणाल्या.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. कागद चढवला, रूळ फिरवला, उजवीकडचा मार्जिनचा खटका दोन घरं अलीकडे सरकवला. मग आमच्याकडे बघत, बोटांकडे न बघता, अर्जाचं पहिलं वाक्य टाइप केलं. 'अर्जदार' शब्दातल्या शेवटच्या अक्षरावर टिंग. कॅरेज मागे ढकलला, तेच वाक्य पुन्हा. पुन्हा त्याच अक्षरावर टिंग. प्रकाशवाल्याने संहितेत त्या 'र'भोवती पेन्सिलने गोल केला आणि वर तारीख घातली.

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं.

"अगं, सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. मराठी तीस आणि चाळीस. दोन्ही सरकारी परीक्षा. बँकेत लागले त्याच्या आधीची गोष्ट." पर्स उचलून त्या निघाल्यासुद्धा. दहाला काउंटर उघडतो.

सकाळी १०.३०

दोघांचे परिचय व्हॉट्सअपवर येऊन पडलेत. पोरग्याचा दोन पानी. पुरुषोत्तम करंडक आहेच. १९६३ पासून चालू असलेल्या या स्पर्धेचं नाव पुण्यातल्या नटाच्या परिचयात नसलं तरच नवल. फिरोदिया आहे. पाच कार्यशाळा, तीन लघुपट आणि एक वेब मालिका, जिच्यात तो पाठमोरा दिसतो. ते त्याने प्रामाणिकपणे लिहिलंय, पण 'महत्त्वपूर्ण भूमिका' या शीर्षकाखाली. ताईंचा परिचय चार ओळींचा. राज्य नाट्य स्पर्धेत सहभाग, नोकरी बँकेत, आवड वाचन, दोन मुली. टायपिंगचा उल्लेखच नाही. टायपिंगच्या बाईंची भूमिका करणाऱ्या नटीकडे टायपिंगची दोन सर्टिफिकेटं आहेत आणि ती गोष्ट परिचयात लिहावी असं तिला वाटलं नाही.

नटांच्या परिचयाची आपल्याकडे एक ठरलेली भाषा आहे. कलेची आवड लहानपणापासून, घरातून पाठिंबा, अमुक सरांचं मार्गदर्शन, मग बक्षिसांची यादी. बारा पात्रांच्या नाटकात तिचा थोडा उपयोग होतो. मामा कोण आणि इन्स्पेक्टर कोण हे प्रेक्षक ताडून बघतो. एकपात्रीत तर माणूस हाच कार्यक्रम असतो. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे बावन्न व्यक्तिरेखा करायचे, तिथे त्यांच्याबद्दल जेवढं सांगावं तेवढं थोडंच. दोन पात्रांच्या नाटकाची गोष्ट निराळी आहे. सव्वा तास हीच दोन माणसं समोर असणार, त्यांची बक्षिसं किती हे प्रेक्षकाला कळलं काय आणि नाही काय. या दोघांमध्ये काय चालतं, कोण कुणाला सांभाळतं, कोण कुणाला चिडवतं, हे त्याला सांगायला हवं. आणि ते कुठल्याच परिचयात लिहिलेलं नसतं.

दुपारी १२

जाहिरातीचा मजकूर प्रेसला द्यायचाय. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आलंय, परवानग्यांचे कागद फाइलला आहेत, तारीख-वेळ ठरलीय. अडलंय ते एकाच ठिकाणी : कुणाचं नाव आधी?

बाहेरच्यांना हा वाद पोरकट वाटतो. मराठी नाटकाच्या जाहिरातीत नावांचा क्रम, अक्षरांचा आकार आणि 'आणि' हे अव्यय यांवरून चांगली चांगली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोललेली नाहीत. मोठ्या संचात तोडगा निघतो. ज्येष्ठाला शेवटी टाकायचं आणि त्याच्या आधी 'आणि' लावायचं, की तो खूश. दोघांच्या नाटकात 'आणि' एकच असतो आणि तो दोघांच्या मधोमध बसतो, त्याचा मान कुणालाच जात नाही.

फोनवर मी दिग्दर्शकाला म्हटलं, "प्रवेशक्रमाने टाकू."

"म्हणजे पोरगा आधी. दार उघडून तोच येतो."

"आणि ताई?"

"ताई पडदा उघडतानाच बसलेल्या आहेत. त्यांचा प्रवेश नाहीच."

"अहो, मग त्या आधीच आल्यात ना?"

यावर पंधरा मिनिटं गेली. शेवटी तो म्हणाला की लेखकाला विचारू. लेखकाने फोन उचलला नाही. लेखक या बाबतीत शहाणे असतात.

मला अशा वेळी दक्षिण आफ्रिकेतले जॉन कानी आणि विन्स्टन न्टशोना आठवतात. ॲथॉल फुगार्डबरोबर त्यांनी 'द आयलंड' हे दोन कैद्यांचं नाटक उभं केलं, १९७३ मध्ये केपटाउनच्या 'द स्पेस' नावाच्या छोट्या थिएटरमध्ये. पात्रांची नावंही जॉन आणि विन्स्टनच. वर्णभेदी सरकारच्या कागदांत काळ्या माणसाचा धंदा 'नट' अशी नोंद होऊच शकत नव्हती, म्हणून कागदोपत्री हे दोघे फुगार्डच्या घरचे नोकर होते. कार्यक्रमपत्रिकेत नट, सरकारदरबारी घरगडी. पुढे नाटक न्यूयॉर्कला गेलं आणि १९७५ साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा टोनी पुरस्कार 'द आयलंड' आणि 'सिझ्वे बान्झी इज डेड' या दोन नाटकांसाठी दोघांना मिळून एक दिला गेला. एकाला देऊन दुसऱ्याला वगळणं परीक्षकांना जमलं नसावं. ती दोन्ही नाटकं वाचली तर ते का, हे समजतं.

दुपारी १.३०

डबा. पिठलं-भाकरी, ठेचा. फोन उलटा ठेवून जेवले.

दुपारी २.३०

वर्तमानपत्राच्या कचेरीतून फोन. शंभर शब्दांची बातमी घेणार आहेत, फोटो लहान.

"मॅडम, ताई कुठल्या मालिकेत होत्या?"

"नव्हत्या."

"मग तो मुलगा?"

"वेब मालिकेत आहे. पाठमोरा."

पलीकडे शांतता. तिचा दोष नाही. शीर्षकात ओळखीचं नाव असलं की बातमी वाचली जाते, आणि ओळखीचं नाव मालिकेतूनच येतं. मी म्हटलं, "असं लिहा, टायपिंगच्या बाईंच्या भूमिकेतल्या अभिनेत्रीने टायपिंगच्या दोन सरकारी परीक्षा दिल्या आहेत, आणि रंगमंचावर ती खरंच टाइप करते." ती म्हणाली, "अरे वा, हे चांगलंय." ओळखीचं नाव नसेल तर एक खरी गोष्ट चालते, हे मी या कचेऱ्यांबाबत पाहिलेलं आहे. अर्थात गोष्ट एका वाक्यात मावली पाहिजे.

दुपारी ४

तिकिटांचे फोन. अर्धी तिकिटं ऑनलाइन जातात, अर्धी अजून माझ्या वहीत. वहीतले लोक फोनवर गप्पाही मारतात.

"दोघंच आहेत का हो नाटकात?"

"हो."

"मग दोनशे रुपये कसे?"

असं विचारणारा गृहस्थ गमतीत विचारतो असं समजू नका. त्यांना सांगितलं, पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, दोनशे म्हणजे दोनशेच, वर काही नाही. मग त्यांनी तीन तिकिटं घेतली आणि खुर्ची पंख्याखालची मागितली. पंख्याचा आवाज असतो म्हणून प्रयोगात पंखे मंद करतो, हे मी त्या क्षणी त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळी ५

तालीम. ताई बँकेतून थेट आल्या, चपला काढायच्या आधी पहिलं वाक्य म्हणत. आज सलग रन, न थांबता, कपड्यांशिवाय बाकी सगळं खरं.

दोघांच्या नाटकात नटाला विसावा नसतो. मोठ्या नाटकात विंगेत जाऊन पाणी पिता येतं, पुढचा प्रवेश डोळ्यांखालून घालता येतो, कुणाला तरी विचारता येतं की आता काय. इथे एक माणूस बोलतो तेव्हा दुसरा ऐकत असतो, आणि ऐकणंही शंभर डोळ्यांसमोर करायचं. प्रॉम्पटरही ठेवता येत नाही. एवढ्याशा जागेत विंगेतून कुजबुजलं की ते नटाच्या आधी पहिल्या रांगेला ऐकू जातं. एकाला ताप आला तर प्रयोग रद्द. बदली नट उभा करायचा म्हटलं तर अर्धं नाटक बदलायचं.

चाळिसाव्या मिनिटाला ताई घसरल्या. बाईंचं 'परत. पहिल्यापासून.' हे वाक्य नाटकात तीन ठिकाणी आहे. क्लासमध्ये दुसरं वाक्य असतं तरी कुठलं? दुसऱ्या ठिकाणच्या 'परत'नंतर ताईंनी तिसऱ्या ठिकाणचं पुढचं वाक्य घेतलं. सहा पानं एका दमात गळाली. त्या सहा पानांत मुलगा आपल्या बापाबद्दल सांगतो. तेच गेलं तर शेवटचा प्रसंग उभाच राहत नाही.

दिग्दर्शकाचा हात हवेत गेला, पण थांबवायचं नाही असं ठरलेलं. पोरग्याने ताईंच्या वाक्याला उत्तर दिलं नाही. तो टाइपरायटरकडे वळला आणि एकदम चार कळा दाबल्या. दांड्या एकमेकींत अडकल्या. अडकलेल्या दांड्या सोडवायला बाईंना टेबलापाशी यावंच लागतं. कुठल्याही टायपिंगच्या बाई आल्याच असत्या. ताई आल्या, वाकल्या, बोटाने एकेक दांडी मागे सारू लागल्या. तेवढ्यात तो खालच्या आवाजात म्हणाला, "आमच्या वडिलांच्या हातालाही अशीच शाई असायची." सहा पानं जागेवर. ताईंनी वर बघितलं, पात्राने बघावं तसंच, आणि पुढचं वाक्य बरोबर घेतलं.

रन संपल्यावर ताई त्याला म्हणाल्या, "दांड्या कुणी शिकवल्या तुला?"

"तुम्हीच. पहिल्या दिवशी ओरडला होता ना, चार बोटं एकदम टाकू नकोस म्हणून."

मला माझी ओळख मिळाली होती. दोन पानी परिचय आणि चार ओळी मी बाजूला ठेवल्या.

संध्याकाळी ७

पन्नासेक माणसं. निम्मी पेन्शनर, काही कॉलेजची मुलं, एक आजी नातीला घेऊन. चहा आधीच संपत आलेला.

मी उठणार तेवढ्यात ताई कानाशी आल्या. "तू नको बोलूस. आम्हीच एकमेकांची ओळख करून देतो."

आपल्या नाटकाला हे नवं नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा आधी सूत्रधार यायचा, मग विदूषक, आणि त्या दोघांच्या बोलण्यातून प्रेक्षकांना कळायचं की आज काय बघायचंय. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतला'तही सूत्रधार आणि नटी बोलतात, तेव्हा कुठे नाटक सुरू होतं. नटांबद्दल नटांनीच, एकमेकांशी बोलत सांगायचं, ही आपली जुनी रीत. मधल्या काळात ते काम माइक धरलेल्या माझ्यासारखीकडे आलं.

ताई म्हणाल्या, "हा मुलगा पहिल्या तालमीला एका बोटाने टाइप करत होता. मी याला सांगितलं, घरी नेऊन सराव कर. याच्या घरी टाइपरायटर कुठला? याने पुठ्ठ्यावर कळफलक काढला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बोटं चालवली. आता हा मिनिटाला बावीस शब्द मारतो. पण नाटकात याला टाइप करता येत नाही, म्हणून मी याला परत चुकायला शिकवलं. ते जास्त अवघड गेलं."

पोरगा म्हणाला, "ताई बँकेत काउंटरला असतात. तालमीला आल्यावर पहिली दहा मिनिटं त्या प्रत्येक वाक्य असं बोलतात की पुढच्या माणसाने फॉर्म चुकीचा भरलाय. दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं. क्लासच्या बाई तशाच बोलतात."

लोक हसले. मग पोरग्याने, ताईंकडे एकदा बघून, संध्याकाळच्या सहा पानांची गोष्ट सांगितली. मला वाटलं ताईंना आवडणार नाही. त्या स्वतःच पुढे म्हणाल्या, "सांग ना, सगळं सांग. शनिवारी झालं तर यांना कळायला नको, म्हणून आजच सांग."

आजींनी हात वर केला. त्यांनी 'तुम्हारी अमृता' बघितलेलं, शबाना आझमी आणि फारुख शेख यांचं, १९९२ मध्ये आलेलं आणि मग दोन दशकं चाललेलं. "ते दोघं नुसते बसून पत्रं वाचायचे. तुम्ही हलता का?"

"हलतो," पोरगा म्हणाला. "ताई एकदा मारतातसुद्धा."

"पट्टीने," ताई म्हणाल्या. "हळू."

कॉलेजच्या एका मुलाने विचारलं की दोघांचं नाटक निवडलं ते पैसे वाचवायला का. दिग्दर्शकाने हो म्हटलं. मला ते उत्तर आवडलं. छोट्या संस्था दोन पात्रांची नाटकं का करतात याची मोठमोठी कारणं दिली जातात. टेम्पो लागत नाही, दौऱ्याला दोन खोल्या पुरतात आणि तालमीची वेळ जुळवायला दोनच माणसांची समजूत घालावी लागते, हे पहिलं कारण. तेवढ्यावर नाटक चांगलं होत नाही, पण होऊ तरी शकतं.

प्रसंग वाचायला त्यांनी तोच घेतला, बापाच्या शाईचा. वाचताना ताईंनी कागद खाली ठेवला आणि पोरग्याने तो उचलून स्वतःच्या कागदांत घातला. दोघांनाही पाठ होतं.

रात्री ९

खुर्च्या रांगेत, कप गोळा, पंखे बंद. टाइपरायटरवर चादर. प्रेसवाल्याचा चौथा फोन : मजकूर कधी देताय? दिग्दर्शक, ताई आणि पोरगा जिन्यातच होते, तिथेच विचारलं. ताई म्हणाल्या, "त्याचं आधी टाक, दार तोच उघडतो." पोरगा म्हणाला, "ताईंचं आधी टाका, त्या आधीपासून बसलेल्या आहेत." दिग्दर्शक म्हणाला, "प्रवेशक्रमाने लिहा आणि ताईंचं आधी टाका. पडदा उघडायच्या आधी त्या अंधारात चालत जाऊन बसतात, तो प्रवेशच आहे." तसं पाठवलं. जाहिरात उद्याच्या अंकात.

वाचकांपैकी ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी : प्रयोग शनिवारी संध्याकाळी सातला आहे आणि सातलाच सुरू होतो. वर यायला लिफ्ट नाही. जिना चढवत नसेल तर आधी फोन करा, खालून खुर्चीवर बसवून आणायला दोन मुलं ठेवलेली आहेत. आत यायचं दार रंगमंचाला लागून आहे, म्हणून तिसऱ्या घंटेनंतर ते कुणासाठीही उघडत नाही. मोबाइल बंद ठेवा. टिंग एकच हवी.